अनिवासी खाते आणि निवासाचा पुरावा : एका नाकारलेल्या अर्जाचा अभ्यास

बँकेचे उत्तर तीन ओळींचे होते. अर्जाचा विचार झाला आहे, खाते देता येणार नाही, आणि नकाराची कारणे कळवण्याची बँकेची पद्धत नाही. अर्जदार ते पत्र मोबाइलवर दाखवत माझ्यासमोर बसले, तेव्हा नकारापेक्षा त्या तिसऱ्या ओळीनेच ते अधिक दुखावलेले दिसले. "पैसा घामाचा, करार माझ्या नावाचा, पासपोर्ट खरा. मग नडले कुठे, ते तरी कळू दे," असे ते म्हणाले. कुठे नडले हे सांगायला बँक बांधील नसते. ते शोधायचे तर पाठवलेला अर्ज बँकेच्या अनुपालन विभागाच्या, म्हणजे ग्राहक कायद्यांच्या चौकटीत बसतो का हे तपासणाऱ्यांच्या, नजरेने पुन्हा वाचावा लागतो. चौदा पानांचा तो अर्ज आणि सोबतची कागदपत्रे आम्ही दोन बैठकींत ओळीओळीने वाचली. त्या वाचनातून जे निघाले ते, आणि त्यानंतर दुसऱ्या बँकेकडे केलेला अर्ज कसा मार्गी लागला ते, पुढे मांडले आहे. अर्जदाराचा देश, दोन्ही बँका आणि मध्यस्थ यांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

अर्जदार आणि त्यांची गरज

अर्जदार ४१ वर्षांचे, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. वर्षातले सात ते आठ महिने समुद्रावर आणि उरलेले घरी, असा त्यांचा सोळा वर्षांचा क्रम आहे. पगार अमेरिकी डॉलरमध्ये ठरतो आणि मॅनिंग एजन्सीमार्फत, म्हणजे जहाजांना कर्मचारी पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, घरच्या बँकेत जमा होताना स्थानिक चलनात रूपांतरित होतो. मोठ्या मुलीला तीन वर्षांनी परदेशी विद्यापीठात पाठवायचे त्यांच्या मनात होते, म्हणजे आज डॉलर विकून घेतलेले चलन उद्या पुन्हा डॉलर घेण्यासाठी द्यायचे होते, आणि दोन्ही वेळा दरातला फरक बँकेच्या पदरात पडणार होता. डॉलर डॉलरमध्येच राहावेत, जहाजावरून ते हाताळता यावेत आणि शुल्काच्या वेळी थेट विद्यापीठाला पाठवता यावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती इतकी साधी होती की ऑफशोअर खात्याभोवती जे गूढ वलय उभे केले जाते, त्याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापलीकडचे. वर्षाचा दोन-तृतीयांश काळ खरोखरच किनाऱ्यापलीकडे घालवणाऱ्या माणसाला हा शब्द लागू पडायला हवा होता, पण बँकेच्या भाषेत किनारा म्हणजे खातेदाराच्या निवासाच्या देशाची हद्द. तो देश कोणता, हे ठरल्याशिवाय खाते किनाऱ्याच्या आतले की बाहेरचे हेही ठरत नाही. या प्रकरणाची खरी गाठ इथेच होती आणि पहिल्या अर्जात ती कुणी सोडवलीच नव्हती.

पहिला अर्ज

हा अर्ज एका मध्यस्थाने भरला होता. त्याने शुल्क आगाऊ घेतले, पंधरा दिवसांत खाते उघडून देण्याचे आश्वासन दिले, आणि नकार आल्यावर ग्राहकाने कागदपत्रे अपुरी दिली असे सांगून शुल्क परत करण्याचे नाकारले. मध्यस्थाविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अर्जातल्या चार रकाने आणि एका जमा रकमेविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

पहिला रकाना दूरध्वनीचा. अर्जदारांचे जहाज बराच काळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या बंदरांत ये-जा करत होते, म्हणून त्यांनी तिथले सिमकार्ड घेतले होते आणि तोच क्रमांक अर्जात दिला होता. अमेरिकेने २०१० मध्ये केलेल्या 'फॅटका' कायद्यानुसार परदेशी बँकांना आपल्याकडची अमेरिकी व्यक्तींची खाती ओळखून कळवावी लागतात, आणि जी संस्था हे करत नाही तिच्या काही अमेरिकी उत्पन्नातून ३० टक्के कपात होऊ शकते. खातेदार अमेरिकी असावा असा संशय कोणत्या खुणांवरून घ्यायचा हेही ठरलेले आहे. जन्मस्थान, पत्ता, अमेरिकेतल्या खात्यात नियमित रक्कम पाठवण्याची स्थायी सूचना या जशा खुणा आहेत, तशीच अमेरिकी दूरध्वनी क्रमांक हीही एक खूण आहे. अर्जदार अमेरिकी नव्हते आणि तिथले रहिवासीही नव्हते. परंतु अर्ज उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्याच पानावर ही खूण दिसली आणि तिचे स्पष्टीकरण देणारा एकही कागद सोबत नव्हता.

दुसरा रकाना पत्त्याचा. आपण घरी नसतो, पत्रे हरवतात, म्हणून त्यांनी मॅनिंग एजन्सीचा पत्ता 'द्वारा' लिहून दिला होता. व्यवहाराच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. परंतु दुसऱ्याच्या मार्फत पत्रव्यवहाराचा पत्ता हा एकमेव पत्ता असेल, तर खातेदार प्रत्यक्षात कुठे राहतो हे त्यातून कळत नाही, आणि कर-माहितीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असा पत्ता स्वतंत्रपणे तपासण्याची बाब मानला जातो. निवासाचा पुरावा म्हणून जोडलेले वीजबिल मोठ्या भावाच्या नावाचे होते. दोघे एकाच घरात राहतात, मीटर वडिलांनंतर भावाच्या नावावर झाला, ही हकिकत मला ऐकायला मिळाली. बँकेसमोर मात्र एक एजन्सी, एक परका माणूस आणि त्यांच्या मधोमध अर्जदार, एवढेच चित्र होते.

तिसरा रकाना कर-निवासाचा. त्यात 'कोणत्याही देशात नाही' असे लिहिले होते.

चौथा रकाना खात्यातल्या अपेक्षित उलाढालीचा. त्यात 'गरजेनुसार' एवढाच शब्द होता.

या चार रकान्यांच्या जोडीला घरच्या बँकेच्या वर्षभराच्या उताऱ्यात एक मोठी जमा रक्कम होती. दर महिन्याच्या पगाराच्या नोंदी ठरावीक आकाराच्या, आणि मधेच एके दिवशी सुमारे सव्वा वर्षाच्या पगाराएवढी रक्कम एका अनोळखी नावाने आलेली. वडिलांची वारसाहक्काने आलेली जमीन तिघा भावंडांनी विकली होती आणि हा अर्जदारांचा वाटा होता. त्यांच्या दृष्टीने ती घरातली गोष्ट असल्याने तिचा उल्लेख करावा असे त्यांना वाटलेच नव्हते.

'अनिवासी' या शब्दाचे दोन अर्थ

तिसऱ्या रकान्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते नकाराचे मुख्य कारण तेच होते, आणि अशीच चूक मी इतर अर्जांतही पाहिली आहे.

अर्जाच्या माथ्यावर 'अनिवासी ग्राहकांसाठी' असे छापलेले होते. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की हा ग्राहक बँक ज्या हद्दीत आहे तिथला रहिवासी नाही. अर्जदारांनी त्याचा अर्थ आपण कराच्या दृष्टीने कुठलेच रहिवासी नाही असा घेतला, आणि मध्यस्थानेही तो तसाच घेऊ दिला. त्यामागे जहाजावरच्या मेसमध्ये वर्षानुवर्षे ऐकलेला एक हिशेब होता : १८३ दिवसांहून अधिक देशाबाहेर राहिले की देशाशी कराचा संबंध संपतो. दिवसांची मोजणी अनेक देशांच्या कायद्यांत असते हे खरे, पण निवास ठरवण्याची ती एकमेव कसोटी क्वचितच असते, आणि एका देशाचे दिवस भरले नाहीत म्हणून माणूस आपोआप कुठलाच रहिवासी राहत नाही असेही नाही. दोन देश एकाच माणसाला आपला रहिवासी म्हणू लागतात तेव्हा वाद सोडवण्यासाठी ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, आर्थिक सहकार्य संघटनेच्या आदर्श कर-कराराच्या चौथ्या कलमात एक क्रम दिलेला आहे. कायमचे घर कुठे आहे ते आधी पाहायचे. त्यावरून निकाल लागला नाही तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे अधिक घट्ट आहेत ते, मग नेहमीचे वास्तव्य, मग नागरिकत्व, आणि तरीही ठरले नाही तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची परस्पर सहमती. अर्जदारांचे घर, पत्नी, दोन मुली, आई आणि सगळी बचत एकाच देशात होती. दुसरा कुठलाही देश त्यांच्यावर हक्क सांगत नव्हता, म्हणजे हा क्रम वापरण्याची वेळही येणार नव्हती. शिवाय ते दरवर्षी त्या देशात कर-विवरणपत्र भरत होते. जहाजावरच्या पगाराला तिथल्या कायद्यात ठरावीक अटींवर सवलत होती, आणि सवलत मिळते म्हणजे आपण रहिवासी नाही, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. करातून सूट मिळणे आणि कर-निवास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूट मिळायलासुद्धा विवरणपत्र भरावे लागते, आणि ते ज्या देशात भरले जाते त्याचेच नाव त्या रकान्यात लिहायचे असते.

या रकान्याला इतके वजन का, हे समजण्यासाठी समान अहवाल मानक, म्हणजे बँकांत सीआरएस या अक्षरांनी ओळखली जाणारी व्यवस्था, पाहावी लागते. ओईसीडीने हे मानक २०१४ मध्ये स्वीकारले आणि पहिली देवाणघेवाण सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. आज शंभराहून अधिक देश आणि प्रदेश त्यात सहभागी आहेत. बँक नवीन खाते उघडताना ग्राहकाकडून कर-निवासाचे स्वयंप्रमाणपत्र आणि करदाता ओळख क्रमांक घेते, ते स्वयंप्रमाणपत्र फाइलीतल्या इतर कागदांशी जुळते का हे पाहते, आणि मग दरवर्षी खातेदाराचे नाव, पत्ता, जन्मतारीख, वर्षअखेरची शिल्लक आणि व्याजासारखे उत्पन्न आपल्या देशाच्या कर-खात्याला कळवते. ते कर-खाते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत ही माहिती खातेदाराच्या निवासाच्या देशाला पाठवते. नव्या वैयक्तिक खात्याला किमान शिल्लकेची सूट नाही. ज्या स्वित्झर्लंडमध्ये बँकेची गुप्तता भंग करणे १९३४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले गेले, तिथल्या अधिकाऱ्यांनीही सप्टेंबर २०१८ मध्ये अशी माहिती पहिल्यांदा इतर देशांना पाठवली. अशा व्यवस्थेत 'कोणत्याही देशात नाही' हे उत्तर म्हणजे पत्त्याविना टाकलेले पाकीट होय. ते कुणाकडे पाठवायचे हेच बँकेला कळत नाही, आणि त्याच अर्जात अमेरिकी क्रमांक, एजन्सीचा पत्ता व भावाचे वीजबिल असेल, तर माणूस आपला ठावठिकाणा लपवतो आहे असा निष्कर्ष काढणाऱ्याला दोष देता येत नाही. इथे लपवण्यासारखे काहीच नव्हते, पण ते कागदावर कुठे दिसत नव्हते.

मध्यस्थाने याच टप्प्यावर आणखी एक उपाय सुचवला होता : एखाद्या छोट्या देशाचा निवास-परवाना गुंतवणुकीच्या बदल्यात घ्यावा आणि तो देश कर-निवास म्हणून लिहावा. ही सूचना अर्जदारांनी पैशांअभावी मानली नाही, हे त्यांचे नशीब. ओईसीडीने अशा शंभराहून अधिक योजना तपासून ऑक्टोबर २०१८ मध्ये जोखमीच्या योजनांची यादी जाहीर केली. परदेशी आर्थिक मालमत्तेवरील उत्पन्नाला १० टक्क्यांहून कमी कर आणि किमान ९० दिवस प्रत्यक्ष राहण्याची अट नसणे, ही त्यांची लक्षणे मानली गेली. असा परवाना दाखवणाऱ्याला बँकेने काय विचारावे हेही सुचवले गेले : निवासाचा हक्क अशा योजनेतून मिळाला आहे का, इतर कोणत्या देशांत निवासाचा हक्क आहे, गेल्या वर्षी इतर कुठे ९० दिवसांहून अधिक राहिलात, आणि वैयक्तिक कर-विवरणपत्र कोणत्या देशांत भरले. या चौथ्या प्रश्नाला अर्जदारांना आपल्याच देशाचे नाव सांगावे लागले असते, आणि विकत घेतलेला कागद जागच्या जागी निरुपयोगी ठरला असता.

बँक घाबरते कशाला

अर्जदारांची दुसरी तक्रार अशी होती की आपल्यासारख्या पगारदारावर एवढा संशय घेणे अन्यायाचे आहे. व्यक्ती म्हणून ते बरोबर होते, पण बँक ग्राहकांचा विचार गटाने करते, आणि अनिवासी ग्राहक या गटाने काही बँकांना फार महागात पाडले आहे. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेत अनिवासी ग्राहकांच्या खात्यांतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो वाहिले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि दंड व जप्तीपोटी सुमारे दोन अब्ज डॉलरची जबाबदारी स्वीकारली. लॅटव्हियातल्या एबीएलव्ही बँकेची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिला दंड भरण्याचीही वेळ मिळाली नाही. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकी वित्त विभागाने तिला मनी लाँडरिंगच्या दृष्टीने चिंतेची संस्था ठरवून अमेरिकी बँकांचे दरवाजे तिला बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, ठेवीदारांनी पैसे काढायला सुरुवात केली, आणि त्याच महिन्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेने ती बुडत असल्याचे जाहीर केले. डॉलरमध्ये व्यवहार करणाऱ्या छोट्या बँकेला अमेरिकेतल्या मध्यस्थ बँकेची गरज असते, आणि ती मध्यस्थ बँक दुरावली की डॉलर खात्याला अर्थ उरत नाही.

याच्या जोडीला साधा हिशेबही आहे. अर्जदारांसारख्या खात्यातून बँकेला वर्षाकाठी मिळणारे उत्पन्न मामुली, आणि त्याची फाइल तपासायला अनुभवी कर्मचाऱ्याचे कित्येक तास. फाइल स्वच्छ असेल तर तो खर्च परवडतो, पण चार ठिकाणी खुलासे मागावे लागणार असतील तर नकाराचे तीन ओळींचे पत्र स्वस्त पडते. या नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोयही अनिवासी व्यक्तीला सहसा नसते. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने मूलभूत खात्याचा हक्क दिला, तोही संघात कायदेशीरपणे राहणाऱ्यांना. बाहेरच्या माणसाला बँक दारातूनच परत पाठवू शकते, आणि या बाबतीत अर्जदारांचा राग मला पटला तरी त्याचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या अर्जाची तयारी

सर्वांत आधी पाहिले ते हे की अर्जदारांच्या निवासाच्या देशाचा परकीय चलन कायदा असे खाते ठेवू देतो का, किती रकमेपर्यंत, आणि विवरणपत्रात ते कुठे दाखवायचे. मध्यस्थाने हा प्रश्न विचारलाच नव्हता. उत्तर अनुकूल निघाले, काही मर्यादांसह. ते प्रतिकूल असते तर हे प्रकरण इथेच संपले असते, आणि ते संपायलाच हवे होते.

त्यानंतर हद्द निवडायची होती. इथे अर्जदारांचे लक्ष व्याजावर होते आणि माझे ठेव-विम्यावर. स्वित्झर्लंडमध्ये ठेवीला प्रति बँक १,००,००० फ्रँकपर्यंत संरक्षण आहे आणि युरोपीय संघात १,००,००० युरोपर्यंत. सिंगापूरने एप्रिल २०२४ पासून मर्यादा वाढवून १,००,००० सिंगापूर डॉलर केली, पण ती केवळ सिंगापूर डॉलरच्या ठेवींना लागू आहे, म्हणजे अर्जदारांच्या अमेरिकी डॉलरला तिचा काडीचा उपयोग नव्हता. हाँगकाँगची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून ८,००,००० हाँगकाँग डॉलर आहे आणि तिथे परकीय चलनातल्या ठेवीही धरल्या जातात. जाहिरातीत सगळी केंद्रे सारखीच सुरक्षित असतात. फरक कळतो तो बँक बुडाल्यावर. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या तेव्हा त्यांच्या आइल ऑफ मॅन आणि गर्न्सी इथल्या उपकंपन्याही बंद पडल्या. आइल ऑफ मॅनमध्ये त्या वेळी ठेवीदारांसाठी भरपाई योजना होती, गर्न्सीमध्ये नव्हती, आणि ती तिथे आली घटना घडून गेल्यावर, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. हे आकडे पाहून अर्जदारांनी व्याजाचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला आणि परकीय चलनाच्या ठेवीला संरक्षण देणाऱ्या केंद्रातली, खलाशांची खाती उघडण्याची सवय असलेली एक बँक आम्ही निवडली. बँकेची ही सवय महत्त्वाची असते. ज्या कर्मचाऱ्याने आधी शंभर खलाशांचे करार पाहिले आहेत, त्याला आठ महिन्यांच्या अनुपस्थितीत काही विचित्र दिसत नाही.

मग फाइल नव्याने बांधली. कर-निवासाच्या रकान्यात देशाचे नाव आणि करदाता क्रमांक आला, आणि सोबत त्या देशाच्या कर-अधिकाऱ्याने दिलेले निवासाचे प्रमाणपत्र. ते मिळवायला पाच आठवडे लागले, कारण तोपर्यंत अर्जदारांनी ते कधी मागितलेच नव्हते. अमेरिकी सिम बंद केले, घरचा क्रमांक दिला, आणि आपण अमेरिकी व्यक्ती नसल्याचे घोषणापत्र सही करून जोडले. पत्त्याच्या पुराव्यासाठी घरच्या बँकेचा शिक्कामोर्तब उतारा घेतला, ज्यावर त्यांचे नाव आणि घराचा पत्ता एकत्र होता. वीजबिल वगळले, कारण खुलासा करावा लागेल असा कागद जोडण्यापेक्षा न जोडलेला बरा.

पैशाच्या उगमाचे दोन प्रश्न असतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात : खात्यात येणारी रक्कम कुठून येणार, आणि आजवरची बचत कशी साठली. पहिल्याला खलाशांकडे एक उत्तम पुरावा असतो, पण बहुतेकांना त्याची किंमत ठाऊक नसते. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार प्रत्येक खलाशाला दर महिन्याला देय आणि अदा रकमांचा हिशेब मिळायला हवा, आणि वेगळ्या चलनात पैसे दिले असतील तर त्यात विनिमय दरही नोंदवायला हवा. अर्जदारांच्या कपाटात असे हिशेब गठ्ठ्याने पडले होते, काहींवर डिझेलच्या बोटांचे ठसेही होते. त्यांतले चोवीस निवडून, रोजगार-करार आणि जहाजावर हजर झाल्याच्या नोंदींशी तारखांनी जुळवून आम्ही जोडले. दुसऱ्या प्रश्नासाठी एक पानाचे पत्र लिहिले, ज्यात सोळा वर्षांची नोकरी, वार्षिक पगाराची साधारण पातळी, घरखर्च वजा जाता उरलेली बचत आणि जमिनीच्या विक्रीतला वाटा एवढेच होते. जमिनीसाठी विक्रीखताची प्रत, तिचे प्रमाणित भाषांतर आणि खरेदीदाराचे नाव बँक-उताऱ्यातल्या त्या अनोळखी नावाशी जुळते हे दाखवणारी खूण केली. विक्रीखत परदेशात मान्य व्हावे म्हणून त्यावर अपोस्टिल घेतले, जे १९६१ च्या हेग करारानंतर दूतावासांच्या लांबलचक साखळीची जागा घेणारे एकच प्रमाणपत्र आहे.

प्रमाणित प्रतींनी मात्र आम्हाला छळले. पासपोर्टच्या प्रतीवर प्रमाणित करणाऱ्याने सही आणि शिक्का दिला, पण मूळ पासपोर्ट पाहिल्याचे आणि छायाचित्र समोरच्या व्यक्तीशी जुळते असे लिहिले नाही. दुसऱ्यांदा ते लिहिले, तर तारीख राहिली. तिसऱ्यांदा सगळे बरोबर झाले तेव्हा लक्षात आले की अर्जदारांची पासपोर्टवरची सही एकोणिसाव्या वर्षापासूनचीच चालत आली आहे, पूर्ण नावाची, आणि अर्जावरची सही दोन अक्षरांत गुंडाळलेली. अर्जावरच्या सर्व सह्या त्यांनी पासपोर्टसमोर ठेवून पुन्हा केल्या, शाळकरी मुलासारखे जीभ दाताखाली धरून.

चौथ्या रकान्यात, जिथे पूर्वी 'गरजेनुसार' होते, तिथे आता लिहिले : वर्षातून सात ते आठ वेळा पगार, पाठवणार मॅनिंग एजन्सी, प्रत्येक वेळी साधारण एवढी रक्कम, तीन वर्षांनंतर वर्षातून दोनदा विद्यापीठाचे शुल्क, वर्षातून एक-दोनदा स्वतःच्याच घरच्या खात्यात परत. बँकेची संगणक-व्यवस्था पुढे प्रत्यक्ष व्यवहार याच आकड्यांशी ताडून पाहते, म्हणून इथे बढाई आणि संकोच दोन्ही अंगाशी येतात.

मंजुरी आणि त्यानंतर

बँकेने व्हिडिओवर वीस मिनिटांची मुलाखत घेतली. विचारलेले बहुतेक प्रश्न फाइलीत उत्तरलेले होते, आणि माणूस कागदाशी जुळतो का एवढेच तपासायचे होते हे उघड होते. जमिनीविषयी विचारल्यावर अर्जदारांनी भावंडांची नावे, वाटे आणि विक्रीचा महिना न अडखळता सांगितला. अर्ज पाठवल्यापासून अकराव्या आठवड्यात खाते उघडले. पहिली रक्कम स्वतःच्याच नावाच्या घरच्या खात्यातून पाठवण्याची अट होती. अर्जदारांना ती गैरसोयीची वाटली, कारण एजन्सीकडून थेट पगार यावा अशी त्यांची घाई होती. पण बँकेसाठी ती ओळखीची आणखी एक तपासणी असते : दुसऱ्या एका बँकेने याच नावाच्या माणसाला आधी पारखून घेतले आहे, याचा पुरावा.

मधल्या तीन महिन्यांत त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक मनी संस्थेचे, म्हणजे बँक नसूनही ऑनलाइन पैसे ठेवू आणि पाठवू देणाऱ्या संस्थेचे, डॉलर खाते वापरले. ते दोन दिवसांत उघडले होते. तिथला पैसा ग्राहकांसाठी वेगळा राखला जातो, पण तो बँक-ठेव नसल्याने ठेव-विमा त्याला लागू नसतो, हे लक्षात घेऊन त्यांनी तिथे दोन पगारांपेक्षा अधिक साठू दिले नाही.

पहिला पगार बँकेत पोचला तो तीस डॉलर कमी होऊन. एजन्सीने रक्कम 'एसएचए' पद्धतीने, म्हणजे शुल्क दोघांत वाटून घेण्याच्या सूचनेने पाठवली होती आणि वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपला वाटा कापला होता. 'ओयूआर' सूचना दिली तर सगळे शुल्क पाठवणारा भरतो, पण एजन्सीने त्याला नकार दिला. अर्जदारांनी हिशेब केला तेव्हा वर्षभराची ही कपात दोनदा चलन बदलण्यातल्या तोट्यापेक्षा पुष्कळच कमी निघाली, म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

खाते मिळाल्यावर त्यांनी मला विचारले की दरवर्षी माझी शिल्लक माझ्याच कर-खात्याला कळणार असेल, तर मग या खात्यात गुप्त असे काय राहिले? शेजाऱ्यापासून गुप्त, कर-खात्यापासून नाही, असे मी सांगितले. त्यांनी त्या वर्षीच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात खात्याचा क्रमांक आणि ३१ डिसेंबरची शिल्लक लिहिली, आणि व्याजाची रक्कम उत्पन्नात धरली. बँकेने कळवलेला आकडा आणि हा आकडा एकच होता.

चौदा महिन्यांनी बँकेचे नियमित पुनरावलोकनाचे पत्र आले. चालू रोजगार-करार, पत्त्याचा ताजा पुरावा आणि एका महिन्यात आलेल्या जादा रकमेचा खुलासा त्यात मागितला होता. अर्जदार तेव्हा जहाजावर होते. जादा रक्कम म्हणजे करार संपतानाची रजा-भरपाई होती आणि ती मासिक हिशेबातच दिसत होती. त्यांनी तीनही कागद बंदरातल्या इंटरनेटवरून त्याच रात्री पाठवले, सही पूर्ण नावाची करून.